दुर्बिणीतून की पोट उघडून? पित्ताशय काढताना पोटातल्या अस्तराचं काय होतं?

सातारी_कंदील

आईचं (वय ६१) पित्ताशय गेल्या मंगळवारी दुर्बिणीतून काढलं. चार छिद्रं, सगळ्यात मोठं बेंबीपाशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. इथवर छान.

त्या रात्री दोन वाजता तिने मला हलवून उठवलं. उजवा खांदा इतका ठणकत होता की हात वर होईना. पोट म्हणे ठीक आहे, टाके ओढतात तेवढंच. आमच्या घरात खांदा म्हटलं की हार्ट, त्यामुळे तशीच रिक्षा काढून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ईसीजी नॉर्मल. ड्यूटीवरचा मुलगा जांभई देत म्हणाला, "काकू, गॅसमुळे होतं." झालं! आईने घरी आल्यावर ओवा, हिंग, काळं मीठ सुरू केलं. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरतात तो गॅस वेगळा, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या डिस्चार्ज कार्डावर पथ्याच्या बारा ओळी आहेत, खांद्याबद्दल एक शब्द नाही. राग त्याचाच आहे.

आता गंमत बघा. मावशीचं हेच ऑपरेशन १९८८ साली पोट उघडून झालं होतं. उजव्या बरगडीखाली वीतभर तिरका व्रण आहे. ती म्हणते, "मला खांदाबिंदा काही दुखला नाही. पण दहा दिवस खोकायची चोरी होती." २०११ मध्ये तिची गर्भपिशवी काढायची वेळ आली तेव्हा सर्जन बाहेर येऊन म्हणाले होते, आत सगळं चिकटलंय, वेळ लागेल.

म्हणून प्रश्न. बाहेरून छिद्रं लहान दिसतात हे कळतं. पण आत पोटाला जे अस्तर असतं त्याला कुठल्या पद्धतीत जास्त इजा होते? गॅस भरून फुगवल्याने ते ताणलं जात नाही का?

आजीचा_बटवा

वाचतेय. माझंही पुढच्या महिन्यात आहे. खांद्याचं आधी कळलं ते बरं झालं.

निवृत्त_नश्तर

सातारी, प्रश्न चांगला आहे. मी ऐंशीच्या दशकात शिकलो, म्हणजे दोन्ही पद्धती हाताने केल्यात. जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

ते अस्तर म्हणजे पेरिटोनियम. कोटाला आतून अस्तर असतं तसं पोटाच्या भिंतीला आतून, आणि तिथून वळून आतडी, यकृत, पित्ताशय यांच्यावरूनही हेच पांघरलेलं. सगळं उलगडून पसरलं तर दीड-दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे साधारण आपल्या अंगावरच्या कातडीइतकं. आणि जाडी? वरचा थर पेशींचा एकच पदर. निरोगी पोट पहिल्यांदा उघडलंत की ते ओल्या काचेसारखं चकाकतं. चमचा-दोन चमचे पातळ द्रव असतो, त्यावर आतडी एकमेकांवरून घसरतात. ही घसरण टिकली की पोट सुखी.

मावशीच्या ऑपरेशनमध्ये काय झालं असेल ते सांगतो, कारण अशी शेकडो केलीत. बरगडीखाली चीर, तिला कोखरची चीर म्हणतात. कातडी, स्नायू कापत जायचं आणि शेवटी हे अस्तर दोन चिमट्यांत उचलून कापायचं. मग मोठा मॉप, म्हणजे कापडाचा ओला तुकडा, घालून आतडी खाली दाबून धरायची. एक जण रिट्रॅक्टरने यकृत वर ओढून उभा. तासभर वरचे प्रखर दिवे आणि एसीची हवा त्या ओल्या अस्तरावर. मॉप सुकला की तो खरवडतो. आम्हाला सर ओरडायचे, "मॉप भिजव, नाहीतर सँडपेपर होतो!" त्यात हातमोज्यांची पावडर. ती स्टार्चची भुकटी पोटात राहिली तर तिच्याभोवती गाठी धरतात. अमेरिकेने पावडरवाले वैद्यकीय हातमोजे २०१७ पासून बंदच केले.

म्हणजे ओपनमध्ये अस्तर कापलं जातं, घासलं जातं, सुकतं. तिन्ही.

शंकासुर

पण सर, दुर्बिणीत तर बाटलीतला कोरडा गॅस थेट आत सोडतात. ते सुकणं नाही का? उगाच 'मिनिमली इन्व्हेजिव' (कमीत कमी चिरफाडीचं) म्हणून दुप्पट बिल लावायचा धंदा वाटतो मला.

भूलवाली

शंकासुर, बिलाचं मला माहीत नाही (भूलतज्ज्ञाच्या वाट्याला काय येतं ते विचारूच नका). पण कोरड्या गॅसचा मुद्दा रास्त आहे.

मी डोक्याच्या बाजूला उभी असते, त्यामुळे गॅसची कुंडली माझ्याकडे. वापरतात तो कार्बन डायऑक्साइड. तोच का? एक तर तो पेट घेत नाही आणि आगीला साथही देत नाही. आत विजेच्या हत्याराने डागायचं असतं ना. दुसरं म्हणजे तो रक्तात चटकन विरघळतो आणि फुफ्फुसातून बाहेर पडतो. पोट फुगवल्यावर काही मिनिटांत माझ्या मॉनिटरवर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढायला लागतो आणि मी व्हेंटिलेटरचा वेग वाढवते. हा आकडा चढतो म्हणजेच ते अस्तर गॅस शोषून घेतंय.

सिलिंडरमधून येणारा हा गॅस खोलीच्या तापमानाचा, म्हणजे विशीच्या आसपास, आणि जवळजवळ शून्य ओलाव्याचा. अस्तर ३७ अंशांना आणि ओलं. शिवाय अस्तराच्या ओलाव्यात विरघळला की त्याचं कार्बॉनिक आम्ल बनतं. सोड्याच्या पाण्यात असतं तेच. त्यामुळे आतला पृष्ठभाग काही काळ आंबट होतो.

आणि दाब. मशीनवर आम्ही १२ ते १४ मिलिमीटर पारा ठेवतो. ऐकायला किरकोळ वाटतं, कारण आपल्याला १२०-८०ची सवय. पण आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब असतो पाच ते दहा. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त झाला की तिथलं रक्त मंदावतं. अस्तराला तेवढा वेळ प्राणवायू कमी मिळतो. गॅस सोडला की पूर्ववत.

तेव्हा सातारीताई, तुमचा "ताणलं जात नाही का" हा प्रश्न बरोबर आहे. ताणलं जातं, गार पडतं, सुकतं आणि आंबटही होतं.

टग्या

सोडा-लिंबू पोट. घ्या!

सातारी_कंदील

अरे देवा. म्हणजे दोन्हीकडे मारच.

@भूलवाली, मग खांदा का? गॅस पोटात होता ना.

भूलवाली

खांदा हा पत्ता चुकलेला निरोप आहे. पोट आणि छाती यांच्यामधला पडदा, डायफ्रॅम, याच्या खालच्या बाजूलाही हेच अस्तर. त्याची संवेदना नेणारी फ्रेनिक नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघते आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथल्याच. मेंदूला कळत नाही कोण ओरडतंय, तो खांदा दुखतोय असं समजतो. गॅसने पडदा ताणला गेलेला, वर आम्लाची चुणचुण, आणि रुग्ण उठून बसला की उरलेला गॅस वर चढून पडद्याखाली जमतो. म्हणून बसल्यावर जास्त, आडवं पडल्यावर कमी. आईंना विचारून बघा.

तिघांत एकाला तरी होतं, बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. आधी सांगायलाच हवं होतं, त्याला सबब नाही. मी सांगते, आणि शेवटी पोर्ट (छिद्रांत बसवलेल्या नळ्या) उघडे ठेवून फुफ्फुसं दोन-चारदा नीट फुगवते म्हणजे पडद्याखालचा गॅस ढकलला जातो. त्याने फरक पडतो. दाब कमी ठेवला, आठ-दहावर, तरी खांदा कमी दुखतो. पण मग सर्जनला आत जागा कमी मिळते आणि ते माझ्याकडे बघतात.

ओव्याचं पाणी पिऊ द्या, नुकसान नाही. फक्त त्या गॅसला त्याचा पत्ता माहीत नाही.

सातारी_कंदील

विचारलं. उशीवर टेकून बसलं की दुखतं, सपाट झोपलं की बरं. तंतोतंत!

मुक्काम_श्टुटगार्ट

माझ्या गावाशेजारचा विषय निघाला म्हणून आत आलो. इथून अर्ध्या तासावर ब्योबलिंगेन आहे. तिथे एरिश म्यूअ या सर्जनने १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या अधिवेशनात सांगितलं तर कौतुक सोडाच, टवाळी झाली. मान मिळाला तो १९९२ मध्ये. बरीच वर्षं श्रेय फ्रान्समधल्या ल्योंच्या फिलिप मूरेला जायचं, त्याने १९८७ मध्ये केलं.

या धाग्याशी संबंध असा की म्यूअने पहिल्या काही ऑपरेशनांनंतर पोट गॅसने फुगवणंच सोडून दिलं आणि बरगडीखालून सरळ नळी घालून काम करायला लागला. पण जगाने गॅस स्वीकारला.

आणि पोट उघडून पहिलं पित्ताशय काढलं तेही जर्मनीतच, बर्लिनला, कार्ल लांगेनबुखने, १५ जुलै १८८२. मधली १०३ वर्षं सगळ्या जगाच्या मावश्यांना तो तिरका व्रण.

निवृत्त_नश्तर

वा, श्टुटगार्ट! आपल्याकडची गोष्टही लिहून ठेवतो. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढणं पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईत, जे. जे. रुग्णालयात झालं, डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केलं. त्यानंतर आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणचे चाळिशीतले सर्जन पुन्हा विद्यार्थी झालो. खोक्यात भोकं पाडून, आत मोसंबं ठेवून, टीव्हीकडे बघत साल सोलायची. बायको म्हणायची, घरात एरवी पोहे करता येत नाहीत.

आता शंकासुरांचं. दोन्हीकडे इजा आहे, मग फरक कशात? इजा कशी भरते, त्यात.

कातडीची जखम कडेकडून आत भरत येते. मोठी जखम, जास्त दिवस. हे अस्तर तसं भरत नाही. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर शेवाळ सगळीकडे एकदम धरतं, तसं ते जखमेच्या पूर्ण पृष्ठभागावर एकाच वेळी उगवतं. म्हणून रुपयाएवढी जखम आणि तळहाताएवढी जखम, दोन्ही आठवड्याभरात झाकल्या जातात. याच कारणाने आम्ही पोट बंद करताना अस्तराला वेगळे टाके घालणं नंतर सोडून दिलं. शिकताना ते देवाची पूजा केल्यासारखं करायचो. पण टाक्याने तो भाग आवळला जातो, रक्त तुटतं आणि उलट तिथेच चिकटतं.

चिकटण्याचं गणित असं. इजा झाली की काही तासांत तिथे फायब्रिन पाझरतं. पतंगाला लावतो ती खळ समजा. शेजारी आतडं असेल, किंवा चरबीचा पदर (ओमेंटम), तर तो त्या खळीला चिकटतो. निरोगी अस्तराच्या पेशी स्वतःच ही खळ विरघळवणारा रस काढतात. तीन ते पाच दिवसांत ती विरघळली तर घसरण परत येते, पुढे आयुष्यभर काही नाही. पण पेशीच मेल्या असतील, रक्त मिळत नसेल, खाली भुकटी किंवा धागा टोचत असेल, तर खळ तशीच राहते, तिच्यात तंतू शिरतात, रक्तवाहिन्या शिरतात, आणि दोरखंड तयार. मावशींच्या पोटात २०११ मध्ये जे दिसलं ते १९८८च्या त्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं होतं.

दुर्बिणीत प्राण्यांवरच्या अभ्यासात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं? काही तासांत पेशी फुगतात, एकमेकींपासून सुटतात, मधल्या फटींतून खालचा थर उघडा पडतो. फरशांमधलं सिमेंट गेल्यासारखं. ही इजा पसरट पण वरवरची असते आणि थोड्याच दिवसांत भरते. मॉपने खरवडलेली, कापलेली, टाक्याने आवळलेली जागा खोल असते. म्हणून पोटाच्या पुढच्या भिंतीला, व्रणाच्या मागे, आतडी चिकटण्याचं प्रमाण दुर्बिणीनंतर बरंच कमी. सूज दाखवणारे सीआरपीसारखे रक्तातले आकडेही कमी चढतात.

वऱ्हाडी_ठेचा

सर, मस्त सांगून राहिले. पण माह्या भावाचं दुर्बिणीतून सुरू केलं अन् मधातच पोट उघडलं. मग त्याच्या अस्तराले दोन्हीचा मार बसला म्हणायचा का? त्याचं बिल बी दोन्हीचं लागलं.

निवृत्त_नश्तर

ठेचाभाऊ, बसला, पण ज्या सर्जनने वेळेवर पोट उघडलं त्याला मी शंभर मार्क देईन.

आणि इथे एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. पित्ताशय यकृताच्या खालच्या खोबणीत बसलेलं असतं. ते सोलून काढलं की यकृतावर तेवढी जागा अस्तराविना उघडी राहते, तळहाताच्या खोलगट भागाएवढी. ती दुर्बिणीतून काढा की पोट उघडून, सारखीच. तिथे बरेचदा ओमेंटम, कधी मोठं आतडं येऊन चिकटतं. बाहेरची छिद्रं लहान म्हणून आतली ही जखम लहान होत नाही. दुर्बिणीने जे वाचतं ते पुढच्या भिंतीचं आणि लांबच्या आतड्यांचं.

शिवाय वारंवार सुजलेलं पित्ताशय आधीच आजूबाजूला चिकटलेलं असतं. नळी आणि रक्तवाहिनी ओळखूच येत नाहीत. तिथे दुर्बिणीचा हट्ट धरला तर मुख्य पित्तनलिका कापली जाण्याची भीती. तुमच्या भावाने दुखणं किती वर्षं काढलं?

वऱ्हाडी_ठेचा

चार वर्षं. दुखलं का गोळी, दुखलं का गोळी. सोयाबीन निघाल्यावर पाहू म्हणे.

निवृत्त_नश्तर

चार सोयाबीन निघाली तर.

शंकासुर

मान्य. 'धंदा' शब्द मागे घेतो, बिलाबद्दल नाही.

पण एक ऐकलंय: दुर्बिणीत पित्ताशय फुटून खडे आत सांडतात. ते अस्तराला चालतं?

निवृत्त_नश्तर

फुटतं, आणि कमी वेळा नाही. चिमट्यात धरून ओढताना पातळ भिंत फाटते. पित्त निर्जंतुक असेल तर धुऊन, शोषून घेतल्यावर अस्तर ते सहन करतं. पित्त सडलेलं असेल तर त्रास. खडे मात्र दिसतील तेवढे वेचायचे. ओपनमध्ये हाताने वेचता यायचे, दुर्बिणीत घरंगळून यकृतामागे गेले की शोधत बसावं लागतं. राहिलेला खडा बहुधा गप्प पडून राहतो. क्वचित महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा त्याभोवती पू धरतो. म्हणून राहिला असेल तर कागदावर लिहून रुग्णाला सांगावं. या एका बाबतीत जुनी पद्धत सरस होती, असं मी म्हणेन.

पित्ताशय बाहेर काढताना पिशवीत घालतात तेही यासाठी. आम्ही निर्जंतुक हातमोजाच मनगटाशी बांधून पिशवी करायचो, तीनशे रुपयांच्या ऐवजी तीन रुपये. आधी पावडर धुऊन, अर्थात.

आजीचा_बटवा

हातमोज्यात पित्ताशय! हे नवऱ्याला सांगणार नाही.

एक शंका. नणंदेच्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी एक्सरेत "पडद्याखाली हवा" आली आणि सगळे घाबरले होते. तेही हेच का?

भूलवाली

दुर्बिणीतून होतं की उघडून?

आजीचा_बटवा

उघडून.

भूलवाली

मग ती साधी हवा. हवेत नायट्रोजन जास्त, तो अस्तर फार सावकाश शोषतं, आठवडा-दोन आठवडे एक्सरेत दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइड बहुतेकांत दोन-तीन दिवसांत संपतो. म्हणजे दुर्बिणीनंतर दहाव्या दिवशी भरपूर हवा दिसली तर मी काळजी करेन, ओपननंतर तेवढी नाही. अर्थात पोट कडक, ताप, उलट्या असं सोबत असेल तर दिवस मोजत बसू नये.

सातारीताई, हे तुम्हालाही. खांद्याचं दुखणं रोज कमी व्हायला हवं. वाढत गेलं, पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर ते "गॅस" समजून घरी थांबू नका. पित्त गळत असू शकतं. तेही अस्तरालाच झोंबतं आणि कधीकधी तोच खांदा दुखतो. आणि छातीत दाब, घाम, धाप असेल तर तुम्ही त्या रात्री केलंत तेच करायचं. ईसीजी काढलात ते बरोबरच केलंत.

मुक्काम_श्टुटगार्ट

इथे एका हॉस्पिटलात गॅस गरम आणि ओलसर करून देणारं यंत्र आहे म्हणतात. त्याने अस्तर वाचतं?

भूलवाली

तर्क बरोबर आहे, आणि प्राण्यांमध्ये पेशी बऱ्या राहिलेल्या दिसल्या. माणसांत पित्ताशयाच्या तासाभराच्या ऑपरेशनमध्ये दुखण्यात म्हणावा तसा फरक दिसलेला नाही. त्यासाठी जास्त पैसे मागितले तर मी देणार नाही. चार-पाच तासांचं ऑपरेशन असेल तर वेगळा विचार.

सातारी_कंदील

नश्तरकाका, भूलवाली, दोघांचेही आभार. हा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. खळीचं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आता तीन ते पाच दिवस मी हलले-चालले तर चिकटणार नाही का?"

याला काय सांगू?

निवृत्त_नश्तर

चालण्याने चिकटणं थांबतं असं सांगता येणार नाही. पण चालू द्या. पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती कमी होते, आतडी लवकर सुरू होतात, आणि खांद्याकडे लक्ष कमी जातं.

सातारी_कंदील

आज सातवा दिवस. खांदा गेला. आई बाल्कनीत मावशीशी फोनवर बोलतेय, स्पीकरवर. मावशीचं म्हणणं, चार भोकांचं ऑपरेशन म्हणजे ऑपरेशनच नव्हे. आईचं म्हणणं, तुझ्या आत सोड्याचं पाणी भरलं होतं का?

टग्या

मावशींचंही आयडी उघडून द्या इथे.